शेऱ्याचा रकाना

साडेसहा. धुपदाळच्या बंधाऱ्याला टेकून
पाणी अजून उभ्या उभ्या पेंगतंय.
गुरव्वा अंबिगेर पालथा हरगोल डोक्यावरून उतरवते,
क्षणभर वाटतं,
कासवानं पाठ काढून काठावर ठेवली.

माझ्या मांडीवर वनखात्याचा तक्ता:
जात, संख्या, वेळ, शेरा.
पेन्सिलीला दोऱ्यानं बांधलेलं रबर,
पक्षी उडाले की खोडायला.

पहिल्या बेटावरच्या बाभळी शिटेनं पांढऱ्या.
चित्रबलाक चाळीस.
नव्हे, एक्केचाळीस,
तो एक इतका वेळ फांदी होऊन उभा होता.
पाणकावळे पंख पसरून,
गोकाकच्या कोर्टाबाहेर सकाळच्या उन्हाला
वकील उभे असतात तसे.
जांभळी पाणकोंबडी पाणकणसांत शिरते
शेपटीखालचं पांढरं दाखवत;
तिचं मागचं अर्धंच दिसलं,
तरी मी एक लिहिते.

करकोचे अजून वर आहेत. आधी आवाज येतो.
हरभऱ्याच्या रानांवरून, उसाच्या पट्ट्यांवरून,
तेल न घातलेल्या कप्पीसारखा.
मी म्हणते करकोचे.
गुरव्वा म्हणते कर्कर कोक्करे.
आवाज त्यांचाच,
दोघींनी आपापल्या वहीत उतरवून घेतलाय
इतकंच.

त्या जनावराचं मात्र आमचं जुळत नाही.
मी म्हणते पाणमांजर.
ती हसते, हरगोल गरकन फिरतो:
"मांजर? मांजर पाण्याला शिवतंय काय अक्का?
नीरुनायी. नायी म्हंजे कुत्रं.
पाण्यातलं कुत्रं हाय ते."
"मग भुंकतं का?"
"न्हाई. शिट्टी मारतंय."
यावर दोघीही गप्प.
मधल्या पाण्यातलं ते,
मांजर म्हणून या काठाला येत नाही,
कुत्रं म्हणून त्या काठाला जात नाही.

बारा वर्षं त्याचा तिच्या जाळ्यात वाटा.
मरळीचं शेपूट तेवढं ठेवायचं,
आणि जाताना भोक,
मूठ जाईल एवढं.
गुरव्वा शिव्या घालायची, दोन्ही भाषांत,
एकीत कमी पडायला नकोत म्हणून.
मग दिवसभर काठावर बसून
दातात दोरा धरून ते भोक शिवायची,
आणि संध्याकाळी जाळं
पुन्हा तिथंच.
"जागा बदल की," मी एकदा म्हटलं होतं.
"मग त्याला कसं कळंल?"

आज तिसऱ्या बेटाच्या खडकाशी
ती वल्हं आडवं धरते.
खडकावर जुनी विष्ठा, वाळून राख झालेली,
तीत माशांचे खवले अजून चमकताहेत.
भोवती जलपर्णी, दाट, फुलांवर आलेली,
दिसायला चांगली.
वरच्या अंगानं मळीचा वास.

"दिवाळीपास्नं," गुरव्वा म्हणते,
"जाळं अख्खं निघतंय."
आणि ओलं जाळं ओंजळीत धरून दाखवते,
जशी एखादी दाखवेल
न उष्टावलेलं ताट.

मग टोपलीतली एक मरळ, बऱ्यापैकी मोठी,
खडकावर ठेवते.
आम्ही थांबतो. टिबुकली बुडते, वर येते, बुडते.
खंड्या एकदा चुकतो.
ऊन खडकावर चढत येतं, माशाच्या डोळ्यापर्यंत.
शेवटी घार येते
आणि उचलून नेते.
घारीच्या रकान्यात मी एक वाढवते.

पाणमांजराला तक्त्यात ओळ नाही.
नीरुनायीलाही नाही.
खाली शेऱ्यात जेमतेम दोन बोटं जागा.
तिथं लिहिते:
जाळं अख्खं.

काठावर खात्याचा तरुण गार्ड, इरय्या,
तक्ता वाचतो, अंक जुळवतो,
शेऱ्याशी अडखळतो.
"अख्खं? मग चांगलंच झालं की, आजी!"

गुरव्वा काही बोलत नाही.
हरगोल पालथा करते,
त्याच्या खाली शिरते,
आणि चालू लागते.